लंकाक्काचं चौथं मरण

अजिनाथभाऊने आपल्या सख्ख्या बहिणीला तीन वेळा मारलं होतं आणि चौथ्यांदा मारायची तयारी माझ्या दुकानात पूर्ण झाली होती. फाईल पुण्याला प्रकाशकाकडे पाठवायची तेवढी राहिली होती.

अजिनाथभाऊ कादंबऱ्या लिहितो. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "ते ठीक हाय, पन करतो काय?" तर तो सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. आठवडाभर नट-बोल्ट मोजतो, सुट्टीला गावी येतो आणि ओट्यावर बसून माणसं मारतो. लिहितो हाताने, टाइप मी करतो. पाथर्डीत माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. तिथून लग्नपत्रिका, दशक्रियेच्या पत्रिका आणि अजिनाथभाऊच्या कादंबऱ्या असं तीन प्रकारचं साहित्य बाहेर पडतं. खप पहिल्या दोनचा जास्त.

त्याच्या पहिल्या कादंबरीत बहीण कालव्यात वाहून जाते. दुसरीत तिला बिबट्या नेतो. तिसरीत ती उसाच्या ट्रॉलीखाली येते. नावं निराळी, पण परकर तोच, हिरवा. कमरेवर जर्मनची कळशी तीच. डाव्या भुवईवरचा वणही तोच. ती धाकट्या भावाला "आलेच" म्हणते आणि पाण्याला जाते, ती जातेच. एका समीक्षकाने लिहिलं होतं की ही बहीण म्हणजे ग्रामीण जीवनातल्या हरवलेल्या करुणेचं प्रतीक आहे. ते प्रतीक त्या वेळी राहात्याला ओसरीवर बसून शिर्डीच्या दुकानांसाठी झेंडूचे हार ओवत होतं. त्याचं नाव लंकाबाई. आम्ही सगळे लंकाक्का म्हणतो.

अजिनाथभाऊच्या कादंबऱ्यांत आणखीही काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. टाइप करणाऱ्याला त्या वाचणाऱ्याच्या आधी कळतात. त्याची माणसं दाराकडे पाठ करून बसत नाहीत. भाकरी खाताना कोणी बोलत नाही. आणि पाणी प्यालं की तळाला एक घोट ठेवतात, कधीच संपवत नाहीत. यावरही कोणीतरी 'अपूर्ण तृष्णा' वगैरे लिहून मोकळं झालंय. पण अजिनाथभाऊ माझ्या दुकानात चहा पितो ना, तेव्हाही तळाला घोटभर ठेवतो. मला वाटायचं, चहा आवडत नसेल.

त्याचं लहानपण उसाच्या फडात गेलं. वडील बन्सी, आई पुष्पावती. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात. तसा हा एक कोयता दसरा झाला की टोळीबरोबर प्रवरेच्या पट्ट्यात जायचा आणि उन्हाळा लागल्यावर परतायचा. कोयत्याबरोबर पोरं असतात, ती कुणी मोजत नाही. पहाटे अंधारातच आई-बाप फडात जायचे आणि पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, मागे राहायची ही दोघं. लंकाला त्यासाठीच दुसरीतून काढलं होतं. भाऊ सांभाळायचा, पाणी भरायचं, भाकरी टाकायची. पुढे बन्सीआबा गेले. अजिनाथभाऊ आश्रमशाळेत शिकला, कॉलेजही केलं. लंकाक्काचं लवकर लग्न करून दिलं. इथवर आमच्या निम्म्या गावाची हीच गोष्ट आहे. निम्मं गाव कादंबऱ्या लिहीत नाही, हे त्याचे उपकार.

सगळं बिनसलं ते ज्योतीमुळे. ज्योती ही लंकाक्काची मुलगी. बारावीची परीक्षा झाली आणि तिला उन्हाळाभर काही काम उरलं नाही. लंकाक्काला वाचता येतं, पण एकेक अक्षर धरून. मग हार ओवता ओवता ज्योतीने मामाच्या तिन्ही कादंबऱ्या आईला वाचून दाखवल्या. लंकाक्का तेव्हा नुसती सुई चालवत राहिली.

आणि श्रावणात नागपंचमीला माहेरी आली.

पंचमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बहिणी भावाचा उपास धरतात, भावाला आयुष्य मिळावं म्हणून. बाई सासरी असो, आजारी असो, भांडलेली असो, हा उपास चुकवत नाही. अमकीने चुकवला आणि तमक्याला साप चावला, अशा गोष्टी प्रत्येक गावात तयार असतात. त्या खऱ्या का खोट्या हे विचारायची हिंमत भाऊ असलेल्या बाईला होत नाही. भावाला तर त्याहून होत नाही.

त्या दिवशी सकाळी मी चौथ्या कादंबरीचं शेवटचं प्रिंट घेऊन त्यांच्या घरी गेलो. अजिनाथभाऊने एकदा नजर टाकायची आणि संध्याकाळी फाईल पाठवायची, असं ठरलं होतं. दारात पाय ठेवला आणि कळलं, चुकीच्या वेळी आलोय.

लंकाक्का घराच्या मधोमध मांडी घालून बसली होती. तिच्यापुढे ताटलीत पोहे. तिची आई, पुष्पाआजी, तिच्या डोक्यावर उभी. अजिनाथभाऊ कॉटच्या कडेवर, शाळेत अंगठे धरायला लावल्यासारखा. ज्योती भिंतीला टेकून नखं बघत होती.

"ये कल्याण, बस," लंकाक्का म्हणाली. "साक्षीला कुनीतरी पायजेच हुतं."

"आक्का, आज उपास ना?" मी पोह्यांकडे बघत विचारलं.

"त्येच ठरवायचं हाय."

"लंके, ते ताट सार," पुष्पाआजी म्हणाली. "आजच्या दिशी असली थट्टा करू न्हाई."

"म्या कुठं खाल्लंय आजून? निसतं म्होरं ठिवलंय." तिने भावाकडे मान वळवली. "अज्या, लगीन झाल्यापून एक साल तुझा उपास चुकवला न्हाई मी. ही ज्योती पोटात हुती, डॉक्टर नको म्हनला, तवाबी धरला. आन तू काय केलं? मला कालव्यात ढकललं, बिबट्याच्या तोंडात दिलं, टॅक्टरखाली घातलं."

"ट्रॉलीखाली," ज्योती म्हणाली.

"तू गप गं. मी तुझं आयुक्ष मागायचं आन तू माझं मरान लिहायचं, ह्यो कुठला न्याय?"

अजिनाथभाऊने घसा साफ केला. "आक्का, ती तू नसतेस. ते पात्र असतं."

"व्हय का? हिरवा परकर कुनाचा? माझा. कळशी कुनाची? आपली. भुवईवरचा वन? ह्यो बघ. समदं माझं, आन मरायच्या टायमाला तेवढी ती दुसरी?"

त्याने मदतीसाठी माझ्याकडे बघितलं. मी प्रिंट मांडीवर उलटं ठेवलं, टाइप तर मी केलं होतं.

"कल्याण, तू खरं सांग. ह्या नव्या बुकात मी हाय?"

"आहेस."

"कुठपातूर?"

मी अजिनाथभाऊकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

"निम्म्यापर्यंत," मी म्हणालो. "मग विहीर येते."

पुष्पाआजीने कपाळावर हात मारला. लंकाक्काने पोह्यांत बोटं घातली आणि घास उचलला. आजीने झडप घालून तिचं मनगट धरलं.

"माय, हात सोड."

"तुला भाऊ एकच हाय, लंके."

"त्याला तरी कुठं धा भनी हायत? त्याला सांग की हे." घास ताटलीत परत पडला, पण बोटं तिथेच राहिली. "अज्या, का मारतो मला? खरं सांग. पटलं तर ताट सारते. न्हाईतर खाते, आन मंग दिवसभरात तुला काय झालं तर माझ्या नावानं वरडू नको."

अजिनाथभाऊ विज्ञाननिष्ठ माणूस. अंधश्रद्धेवर शाळाशाळांतून भाषणं देऊन आलाय, नारळ-शाल घेऊन आलाय. पण त्या क्षणी तो त्या ताटलीकडे असा बघत होता की जणू ते पोहे नाहीत, त्याचा श्वासच कोणी वाढून ठेवलाय.

मग तो बोलायला लागला, आणि इतक्या कादंबऱ्या टाइप करूनही मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकत होतो.

राहात्याच्या अलीकडे कुठेतरी टोळी उतरली होती. शेजारच्या वस्तीवरचं वासरू बिबट्याने नेलं होतं आणि पोरांनी कोपीबाहेर फिरू नये असं मुकादमाने बजावलं होतं. सकाळी याला तहान लागली. कोपीत पाणी संपत आलेलं. हा रडायला लागला. लंकाने तळाचं पाणी फुलपात्रात ओतून याच्या हातात दिलं, कळशी कमरेवर घेतली, "आलेच" म्हणाली आणि कालव्याच्या चारीकडे गेली.

ती आली नाही.

"मी पाणी प्यायलो," अजिनाथभाऊ म्हणाला, "पण एक घोट ठेवला. म्हटलं, हा आपण प्यायलो तर आक्का येणार नाही. का ते ठाव न्हाई. मग कोपीची ताटी लावून घेतली. दुपार झाली. बाहेर पाचटात काहीतरी चालायला लागलं. थांबायचं, परत चालायचं. मी वाकळ तोंडात कोंबली, आवाज जाऊ नये म्हणून. तहान तर इतकी, की जीभ टाळूला चिकटलेली. घोट समोर होता. प्यायलो न्हाई. मला वाटलं, त्यानं तुला खाल्लं आन आता माझ्यासाठी आलाय." त्याने तोंडावरून हात फिरवला. बोलता बोलता त्याचं पुस्तकी मराठी कधीच गळून पडलं होतं. "दिवस बुडता बुडता तू आली. म्हनली, आबाला सांगू नको. म्या न्हाई सांगितलं. पन त्या दिशी तू मेलीच हुती आक्का माझ्यापुरती. दिवसभर मेली हुती. आता लिहायला बसलं की कुठूनबी सुरू करतो, शहरातून करतो, कारखान्यातून करतो, तरी कुनीतरी कळशी घेऊन निघतंच. मी मारत न्हाई. ती परत येतच न्हाई."

ज्योतीने नखं बघायचं थांबवलं होतं.

"मला कुनी बोललं न्हाई ह्ये," पुष्पाआजी पुटपुटली. मग तिला काहीतरी आठवलं. ती लेकीकडे वळली. "भाकरी टाकली नव्हती तू त्या दिशी. ह्यांनी तांब्या फेकून मारला तुला. भुवई फुटली ती तवाच की गं. ह्यो झोपला हुता."

अजिनाथभाऊने मान वर केली. तो वण त्याने तीन पुस्तकांत वापरला होता. कुठून आला ते त्याला माहीत नव्हतं.

"पर लंके," आजीने विचारलं, "तू गेल्ती कुठं?"

कादंबरीकाराने इतकी वर्षं जे विचारलं नव्हतं, ते आजीने विचारलं. लंकाक्काने ताटलीतली बोटं काढून पदराला पुसली.

"शाळंत."

"कुठल्या शाळंत?"

"चारीच्या पल्याड हुती. कळशी भरली आन घंटा ऐकाय आली. म्हनलं, निसतं बघून येऊ. कळशी उसात ठिवली. दारात हुबी राहिले, तर बाई म्हनल्या, नवी का गं? म्या व्हय म्हनलं. बस म्हनल्या. बसले." ती सांगत होती आणि तिचा चेहरा बदलत चालला होता, कडकपणा जाऊन तिथे एक निराळीच मुलगी येऊन बसली होती. "बाईंनी फळ्यावर गनित घातलं, मला आलं. मधल्या सुट्टीत लंगडी मांडली. म्या एका दमात समद्या पोरी बाद केल्या, समद्या! त्या म्हनाय लागल्या, उद्या आमच्याकून खेळ. एकीनं आर्धी चपाती दिली. दुपारी गानी झाली. मंग सुटली शाळा."

"आणि मी?" अजिनाथभाऊने विचारलं.

"तुला खोटं न्हाई सांगत. तुझी आठवन झाली न्हाई."

"दिवसभरात?"

"एकदाबी न्हाई. उसात कळशी दिसली तवा आठवला तू."

अजिनाथभाऊ पांढराफटक पडला. बिबट्याची गोष्ट सांगतानाही तो इतका घाबरलेला दिसला नव्हता.

"यापरीस बिबट्या परवडला, आक्का," तो म्हणाला.

बोलून गेला खरा, पण शब्द परत घेता येईनात. पुष्पाआजीने पदर तोंडाला लावला. लंकाक्का भावाकडे एकटक बघत होती. इतका वेळ तिच्या रागात थोडी गंमत होती, चिडवणं होतं. आता काहीच नव्हतं.

"म्हंजी मेले असते तर चाललं असतं," ती हळू आवाजात म्हणाली. "इसरले, ते न्हाई चालत."

त्याने कॉटची कड दोन्ही हातांनी धरली.

"आख्ख्या जल्मात एक दिस मी माझ्यासाठी घेतला, अज्या. एक. बाकी समदे तुलाच दिले. आधी कडंवर घेतला, मंग उपासात घेतला. आन त्या एका दिसापायी तू मला फाशी देत सुटला. एकदा न्हाई, चारदा."

तिने ताटली पुढे ओढली. या वेळी आजीने तिचा हात धरला नाही. तिला बहुतेक कळलं होतं, की ही आता धमकी उरली नाही. मला वाटलं, काहीतरी बोलावं. पण जिथे लेखकाला शब्द सुचेनात तिथे डीटीपीवाल्याने काय बोलायचं? मी मांडीवरचं प्रिंट घट्ट धरून बसलो.

अजिनाथभाऊ कॉटवरून उठला. मला वाटलं, बाहेर जाणार. चप्पल दारात होती. तो दोन पावलं दाराकडे गेलाही. मग वळला, तिच्यासमोर जमिनीवर बसला, दाराकडे पाठ करून, आणि ताटली तिच्या गुडघ्याला लागेपर्यंत सरकवली.

"खा, आक्का. गार झालेत."

"अज्या!" आजी ओरडली.

"खाऊ दे, माय."

लंकाक्काने त्याच्याकडे नीट बघितलं. तो थट्टा करतोय का, रागाने म्हणतोय का, हे तपासल्यासारखं. मग तिने घास घेतला. दुसरा घेतला. पुष्पाआजी तिच्याकडे बघतच नव्हती. ती लेकाकडे बघत होती, दोन्ही हात पुढे करून, म्हणजे तो आडवा झाला तर झेलता यावा. खोलीत फक्त चावण्याचा आवाज. मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही, कारण खरं सांगायचं तर मीही त्याच्याकडेच बघत होतो.

तो पडला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेवढंच. आजीला तेही लक्षण वाटलं. तिने त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

"मीठ कमी हाय," लंकाक्का भरल्या तोंडाने म्हणाली. ज्योती फिसकन हसली आणि मग घरातली सगळी माणसं एकदम श्वास घ्यायला लागली.

"कल्याण," अजिनाथभाऊ नाक पुसत म्हणाला, "पुण्याला कळव. फाईल आज जात नाही."

"भाऊ, पानं लागलीत सगळी. अनुक्रमणिका लागलीय."

"विहीर काढायची."

"म्हंजी जित्ती ठेवनार मला?" लंकाक्काने विचारलं.

"ठेवतो."

"पन शाळंचं लिहायचं न्हाई."

तो चपापला. मला खात्री आहे, त्याच्या डोक्यात तोवर घंटा वाजली होती, लंगडीचं प्रकरण निम्मं लिहून झालं होतं. कादंबरीकार रडत असताना रिकामा नसतो.

"आक्का, मग ती दिवसभर कुठे होती, हे काय लिहू?"

"तुला ठाव न्हाई, तसंच लिही. इतकी सालं कुठं ठाव हुतं? तो दिस माझा हाय. तुझ्या बुकात मी न्हाई द्यायची."

"वाचणारा विचारेल."

"इचारू दे."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. ती ताटली घेऊन मोरीकडे निघाली तेव्हा मी हळूच म्हणालो, "आक्का, मी लिहिलं तर? कधीतरी, कुठेतरी?"

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू लिही की. तुला कोन वाचतंय!"

ती परवानगी मी जपून ठेवली.

कादंबरीचा दुसरा अर्धा भाग त्याने पुन्हा लिहिला. आधी त्याला वाटलं, बहीण जिवंत ठेवली की बाकीचं तसंच चालेल. पण जिवंत माणूस फार जागा खातो. तिला पुढच्या प्रत्येक प्रकरणात काहीतरी करायला लागतं, बोलायला लागतं, कोणाशी तरी भांडायला लागतं. चार-पाच वेळा तो माझ्या दुकानात येऊन कपाळ धरून बसला. "मारणं सोपं होतं रे," म्हणायचा. शेवटी हिवाळ्यात पुस्तक आलं. त्यात मुलगी सकाळी पाण्याला जाते आणि दिवस बुडताना भरली कळशी घेऊन परत येते. कुठे होती ते ती सांगत नाही. त्याच समीक्षकाने लिहिलं, की मुलीच्या अनुपस्थितीचा उलगडा न केल्याने कादंबरी मध्यावर ढासळते. अजिनाथभाऊने ते कात्रण खिशात ठेवलं. मला वाटतं, त्याला बरं वाटलं.

राहात्याला ज्योतीने पुस्तक आईला वाचून दाखवलं. ते संपलं त्या दिवशी लंकाक्काचा फोन आला तेव्हा अजिनाथभाऊ दुकानातच होता. त्याने फोन स्पीकरवर टाकला, कारण एकट्याने ऐकायची त्याची छाती नव्हती.

"कसं वाटलं, आक्का?"

"बरं हाय." मागे सुईदोऱ्याची, फुलांच्या पाट्यांची हालचाल ऐकू येत होती. "पोरगी चांगली हाय. कुनाचं ऐकत न्हाई."

"आणि?"

"ते पोरगं लई रडकं हाय रे. दर पानाला डोळं पुसतं. पोरीला घरात सुखानं बसू देत न्हाई. त्यालाच मारला असता तर बुक लवकर उरकलं असतं."

पलीकडे ज्योती खिदळली. मी तोंडावर हात धरला. अजिनाथभाऊ हसला नाही. त्याने माझ्या टेबलावरचं पेन उचललं आणि एका कोऱ्या पत्रिकेची मागची बाजू पुढे ओढली.

"आक्का, काय म्हनली तू? परत म्हन."

"लिहितो का काय?"

"न्हाई गं."

"अज्या, पेन ठिव खाली."

त्याने ठेवलं नाही. तिकडून फोन बंद झाला.